मी बास्केटबॉल शिकवत नाही

मोठ्या बाईंनी मला बोलावून "तुम्हाला बास्केटबॉल येतो का?" असं विचारलं, तेव्हा मी सरळ "नाही" म्हणून मोकळा झालो. एरवी एखादी गोष्ट येत नसली की मी "तसा थोडाफार" असं म्हणतो. त्या दिवशी काय बुद्धी झाली कोण जाणे. बाईंचा चेहरा एकदम खुलला. "मग तुम्हीच हवे होतात मला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मोठ्या बाईंनी खुर्ची दिली की समजावं, उठताना आपल्या डोक्यावर काहीतरी असणार.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मी तिथला भाषेचा शिक्षक. खेळाशी माझा संबंध निबंधापुरता. 'खेळाचे जीवनातील महत्त्व' या विषयावर मी मुलींना आदर्श निबंध लिहून देत आलो आहे. तो निबंध लिहून खुर्चीतून उठताना एकदा माझा पाय मुरगळला होता, आणि आठवडाभर मी लंगडत होतो. क्रीडाक्षेत्रातली माझी दुखापत म्हणायची तर ती एवढीच.

झालं होतं असं, की आमचे खेळाचे सर दुसऱ्या शाळेत निघून गेले होते, आणि नेमकी त्याच सुमाराला शिक्षण खात्याने एक योजना काढली होती. योजनेचं नाव स्वयंअध्ययन. यात शिक्षकाने शिकवायचं नाही. मुलींनी आपलं आपण शिकायचं, आपली चूक आपण शोधायची आणि आपणच ती सुधारायची. ही योजना कोणत्याही विषयाला लावता येते, असं खात्याचं म्हणणं होतं, आणि मोठ्या बाईंनी बास्केटबॉल निवडला होता.

"पण मीच का?" मी विचारलं.

"अहो, ज्याला येतं त्याला गप्प बसवत नाही," बाई म्हणाल्या. "तो मध्ये मध्ये शिकवायला लागतो, की योजना बोंबलली. आपल्याला अजिबात न येणारा माणूस पाहिजे. मी चित्रकलेच्या सरांचा विचार केला होता. पण ते कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळायचे."

आपल्या अज्ञानाची अशी कदर झालेली मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. मला थोडा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग बाईंनी आवाज खाली आणला आणि खरं कारण सांगितलं. शाळेच्या मागे एक जुनं बास्केटबॉल कोर्ट आहे. संस्थेच्या कार्यवाहांना तिथे पत्र्याचं छप्पर टाकून गाड्या लावायची सोय करायची होती. खात्याच्या तपासणी अधिकाऱ्यांनी येऊन प्रयोग यशस्वी असा शेरा मारला, तर कोर्ट प्रयोगासाठी राखीव राहणार होतं आणि कार्यवाहांना त्याला हात लावता येणार नव्हता. शेरा मिळाला नाही, तर छप्पर.

मला कोर्टाचं तसं काही सोयरसुतक नव्हतं. पण त्याच दुपारी नववीच्या दोन मुली शिक्षकांच्या खोलीबाहेर माझी वाट बघत उभ्या होत्या. एक चांगलीच उंच, तिला वर्गात सगळ्या शिडी म्हणत. दुसरी इतकी लहानखुरी, की तिचं नाव बटण पडलं होतं. दोघींनाही या नावांचं काही वाटत नसे.

"सर, कोर्ट जाणार का?" शिडीने विचारलं.

"गेलं तर तुम्ही बाहेरच्या मैदानावर खेळा," मी म्हणालो.

"तिथे मुलं असतात. आम्ही गेलो की ती खेळ थांबवून आमच्याकडे बघत बसतात. नेम चुकला की ओरडतात."

"मग?"

"मग काही नाही, आम्ही परत येतो," बटण म्हणाली. ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. हो म्हटलं ते खरं त्या दोघींमुळे, खुर्चीमुळे नव्हे.

योजनेसाठी मला आधी प्रशिक्षणाला धाडलं. तिथले प्रशिक्षक एक किडकिडीत गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला एकच मंत्र दिला: हात मागे, तोंड बंद. शिक्षकाचे हात पुढे असले की तो करून दाखवतो, आणि तोंड उघडं असलं की सांगतो. म्हणून दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायचे. कोणी काही विचारलं तर फक्त "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. मी मन लावून सराव केला. प्रशिक्षकांनी माझं उदाहरण म्हणून सगळ्यांसमोर कौतुक केलं. "बघा, या सरांच्या चेहऱ्यावर ज्ञानाचा लवलेशही दिसत नाही," असं ते म्हणाले.

घरी येऊन हे सांगितल्यावर बायको हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागली. "दोन दिवसांत त्यांनी तुम्हाला गप्प बसायला शिकवलं?" ती म्हणाली. "आणि मला इतक्या वर्षांत जमलं नाही. त्यांचा फोन नंबर असला तर द्या."

आता चेंडू. चेंडू शाळेत होते, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. कार्यालयातल्या मोठ्या कारकुनांचं म्हणणं, ते होतेही आणि नव्हतेही. म्हणजे गेल्या तपासणीत ते निरुपयोगी ठरवले गेले होते, त्यामुळे वापरता येत नव्हते. पण ते नष्ट केल्याचा दाखला कोणी दिलेला नसल्यामुळे नवेही मागवता येत नव्हते.

"मग नष्ट करून टाका," मी म्हणालो.

"निरुपयोगी वस्तू नष्ट करायला समिती लागते," मोठे कारकून म्हणाले. "समितीत खेळाचे शिक्षक लागतात. ते कुठे आहेत?"

"गेले."

"तेच म्हणतोय मी."

हा माणूस माझा शत्रू नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मार्ग शोधला. चेंडू म्हणून ते निरुपयोगी होते, पण 'गोलाकार शैक्षणिक साहित्य' म्हणून त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नव्हतं. त्या नावाने मला चेंडू मिळाले. त्यांत हवा मात्र नव्हती. हवा भरायचा पंप विज्ञान प्रयोगशाळेच्या नावावर होता, आणि विज्ञानाच्या बाई तो हवेच्या दाबाचा धडा संपल्याशिवाय सोडायला तयार नव्हत्या. त्यांचा तो धडा मुलींना समजतच नव्हता. शेवटी मी वर्गात जाऊन त्यांच्या मुलींसमोर माझे चेंडू फुगवले, धडा एकदम समजला आणि दोघांचंही काम झालं. माझ्या हातून घडलेलं क्रीडाविषयक अध्यापन म्हणायचं तर ते तेवढंच, आणि तेही विज्ञानाच्या तासाला.

कोर्टावर आधीपासूनच स्कूटरी लावलेल्या होत्या, आणि त्या आमच्याच शिक्षकांच्या होत्या. कार्यवाहांना काय नावं ठेवायची. गणिताच्या बाई आपली स्कूटर बरोबर रिंगखाली लावत, कारण तिथे रिंगमागच्या फळीची सावली पडते. मी त्यांना विनंती केली. त्या म्हणाल्या, "चेंडू रिंगमध्ये गेला तरच माझ्या स्कूटरवर पडेल ना? मग मला काही काळजी नाही." गणित त्यांचं बरोबर होतं. पण रिंगमध्ये न गेलेले चेंडूही शेवटी कुठेतरी पडतातच. पहिल्या दिवशीच आरसा वाकडा झाल्यावर त्यांनी स्कूटर हलवली.

शिकवायचं नसलं तरी मुलींच्या हाती काहीतरी द्यायला हवं, म्हणून योजनेत कार्डं होती. शिक्षकाने एका पुस्तकावरून कार्डं तयार करायची, मुलींनी ती वाचून कौशल्य शिकायचं. आता लिहायचं म्हटल्यावर माझ्यातला भाषेचा शिक्षक जागा झाला. ड्रिबल करणे म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणे. त्यावर मी लिहिलं: 'कंदुक करतलात विसावू न देता केवळ अंगुलींच्या अग्रभागांनी त्यास भूमीच्या दिशेने वारंवार प्रेरित करावे.' अशी कार्डं मी रात्रभर नाही, पण जेवण थंड होईपर्यंत लिहीत बसलो होतो. मला ती फार आवडली होती.

पहिल्या तासाला मुलींनी कार्डं वाचली. मग त्यांनी ती उलटी करूनही बघितली.

"सर, कंदुक म्हणजे?" बटणाने विचारलं.

मी हात मागे घेतले. "तुला काय वाटतं?"

"कांद्यासारखं काहीतरी वाटतं."

मला फार यातना झाल्या, पण योजना म्हणजे योजना. मुली कार्डांभोवती गोळा झाल्या, कुजबुजल्या आणि खडूने माझ्याच कार्डाच्या मागे त्यांनी लिहिलं: 'तळहात नको. बोटं.' मग चेंडू आपटायला लागल्या. माझी सगळी संस्कृतप्रचुर मेहनत त्या तीन शब्दांत संपली होती, आणि वाईट म्हणजे ते वाचल्यावर मलाही पहिल्यांदा कळलं की काय करायचं असतं.

पास देण्याचा सराव सुरू झाला तेव्हा मी कोर्टाच्या कडेला हात मागे बांधून उभा होतो. चेंडू सुटला की तो कुठे जाईल हे त्या दिवसांत कोणालाच सांगता येत नसे. एक चेंडू सरळ माझ्याकडे आला. दुसऱ्या कोणीही हात पुढे केला असता. मी प्रशिक्षण घेतलेलं होतं. चेंडू माझ्या नाकावर बसला आणि मी हात मागेच ठेवून खाली बसलो.

मुली धावत आल्या. "सर, लागलं का?"

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो. ते सवयीने तोंडून गेलं.

त्या दिवसानंतर बटण माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली. एकदा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला बास्केटबॉल येतो?"

"तुला काय वाटतं?"

"येत नाही असं वाटतं."

"का बरं?"

"तुम्ही चेंडू आला की डोळे मिटता." ती थोडी थांबली. "असू दे सर, मी कोणाला सांगत नाही." तिने खरंच कोणाला सांगितलं नाही. गरजच नव्हती, सगळ्या वर्गाला ते माहीत होतं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर घरचा आरसा वाचला असता. पण आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि आता पाण्याऐवजी सल्ला पुरवतात. आम्ही त्यांना पाठीमागे सल्लागार म्हणतो. त्यांनी माझं सुजलेलं नाक पाहिलं, सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मान हलवली.

"मुलींना चूक सुधारायची आहे, बरोबर?" सल्लागार म्हणाले. "पण चूक दिसल्याशिवाय सुधारणार कशी? माणसाला स्वतःची चूक कुठे दिसते? आरशात. तुमच्या घरी मोठा आरसा आहे की नाही?"

होता. बायकोच्या कपाटाच्या दाराला, डोक्यापासून पायापर्यंत. बायको तिच्या बहिणीकडे गेली असताना सल्लागारांनी आणि मी मिळून तो सोडवला. "संध्याकाळपर्यंत परत लावून टाकू, कळणारही नाही," ते म्हणाले. तो आरसा आम्ही दोघांनी रस्त्याने उचलून नेला. काचेची बाजू आत ठेवावी असं माझं मत होतं. सल्लागारांचं मत पडलं, बाहेर ठेवली तर लोक दुरूनच बाजूला होतील. लोक बाजूला झाले नाहीत. उलट थांबून केस सारखे करायला लागले. एका बाईने तर मला "जरा वर धरा" म्हणून सांगितलं, आणि मी धरलाही.

कोर्टावर आरसा भिंतीला टेकवून उभा केला आणि मुली हरखल्या. प्रत्येक मुलगी त्यापुढे उभी राहून चेंडू फेकण्याचा आव आणायची आणि स्वतःकडे बघायची. मी मनात खूश झालो. मग ऊन फिरलं. आरशातून उडालेला उजेड नेमका वरच्या मजल्यावर कार्यवाहांच्या खिडकीत गेला, आणि एका हाताने डोळे झाकत कार्यवाह खाली आले.

"हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर द्यायला त्यांच्याकडे वळलो. वळलो म्हणून शिडीचा चेंडू मला दिसला तो अगदी शेवटी. हात मागे, डोळे मिटलेले, अशा स्थितीत मी दोन पावलं मागे सरलो आणि पाठीमागे धरलेल्या हातांसकट आरशावर बसलो. आवाज बराच मोठा झाला. मला काही लागलं नाही, फक्त करंगळी दुखावली. डॉक्टरांनी ती शेजारच्या बोटाला बांधून ठेवली. कार्यवाह फुटलेल्या काचेकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छपराचं माप घ्यायला माणूस पाठवतो." मुलींनी ते ऐकलं. मग त्यांनी वाकून काचा गोळा केल्या.

घरी बायकोने कपाटाच्या दारावरच्या मोकळ्या फळीकडे बघून विचारलं, "आता मी तयार कशात बघून व्हायचं?"

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो.

त्यानंतर आमच्या घरात काही दिवस फार चांगलं स्वयंअध्ययन झालं. चहा कसा करायचा, शर्टाचं बटण कसं लावायचं, हे सगळं मी आपलं आपण शिकलो, तेही एक करंगळी बांधलेली असताना.

पुढचा नवा उपाय मुलींनीच शोधला, मी नाही. दुपारी ऊन तिरपं झालं की कोर्टाच्या फरशीवर त्यांच्या लांब सावल्या पडत. शिडीच्या लक्षात आलं, की सावलीत आपलं कोपर कुठे जातं ते स्पष्ट दिसतं. मग त्या सावलीकडे तिरप्या नजरेने बघत चेंडू फेकायला लागल्या. ही फार मोठी गोष्ट आहे असं काही त्यांना वाटलं नाही. मला वाटलं. मी घरी येऊन ती बायकोला सांगितली, आणि आरशानंतर पहिल्यांदाच ती नीट बोलली. "मग सावली होती तर माझा आरसा कशाला नेलात?" एवढंच ती म्हणाली, पण बोलली.

इथे एक अडचण उभी राहिली. रोज मुलींकडे बघून बघून मला थोडं थोडं कळायला लागलं. कोपर बाहेर गेलं की चेंडू कडेला जातो. गुडघे ताठ ठेवले की तो पोचत नाही. हे मला दिसायला लागलं, आणि दिसलं की सांगावंसं वाटायला लागलं. अज्ञानी असताना गप्प बसणं अगदी सोपं होतं. आता जीभ सारखी वळवळायची. एकदा सगळ्या गेल्यावर मी कोणी नाही असं बघून एक चेंडू रिंगकडे फेकला. तो फळी आणि रिंग यांच्यामध्ये अडकला. तो पाडायला मी बूट फेकला. बूट चेंडूशेजारी जाऊन बसला. दुसरा बूट फेकण्याइतका मी मूर्ख नाही. मी एका पायात बूट घालून घरी गेलो. सकाळी सगळा वर्ग मान वर करून उभा होता.

"सर," बटण म्हणाली, "ह्यातून आम्ही काय शिकायचं?"

तपासणीचा दिवस उजाडला तो ढगाळ. मी खिडकीतून दोनदा बाहेर पाहिलं. ऊन नाही म्हणजे सावली नाही. मुलींनी जे काही कमावलं होतं ते सगळं सावलीच्या भरवशावर. मी सल्लागारांना टाळून मागच्या दाराने शाळेत गेलो, कारण त्या दिवशी मला अजून एक उपाय सोसला नसता.

तपासणी अधिकारी म्हणजे एक मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांच्यासाठी कोर्टाच्या कडेला खुर्ची मांडली. एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला कार्यवाह. कार्यवाहांसोबत छपराचं माप घेणारा माणूस फीत घेऊन आला होता आणि तो अधीरपणे कोर्टाच्या कोपऱ्यात उभा होता. मी हात मागे घेऊन माझ्या जागेवर.

ड्रिबल नीट झालं. पासही बरे झाले, निदान एकही माझ्याकडे आला नाही. मग रिंगमध्ये चेंडू टाकायची वेळ आली आणि सगळं बिघडलं. शिडीचा पहिला चेंडू कडेला गेला. दुसराही. तिने खाली बघितलं, फरशीवर काही नव्हतं. तिसरा चेंडू फळीच्या पार मागे गेला. बाकीच्या मुली तिच्याकडे बघून घाबरल्या आणि त्यांचेही चुकायला लागले. माप घेणारा माणूस फीत थोडी थोडी बाहेर ओढून पुन्हा सोडत होता, आणि तिचा आवाज मला फार मोठा वाटत होता.

आणि मला माहीत होतं. शिडीचं कोपर बाहेर जात होतं. दोन शब्दांचं काम होतं: कोपर आत. मी ते नुसते पुटपुटले असते तरी तिने ऐकलं असतं. पण अधिकारी बाईंची नजर चेंडूवर नव्हती, ती माझ्यावर होती. मी बोललो की योजना बुडाली, आणि नाही बोललो की मुली बुडाल्या. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मी बांधलेली करंगळी दुसऱ्या हाताने इतकी घट्ट आवळली की डोळ्यांत पाणी आलं. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं दिली आहेत, पण न दिलेलं ते दोन शब्दांचं भाषण मला सगळ्यांत जड गेलं.

तेवढ्यात बटण चेंडू खाली ठेवून शिडीसमोर जाऊन उभी राहिली. "मी तू आहे," ती म्हणाली. तिने शिडीसारखी मान वाकडी केली, शिडीसारखे ओठ आवळले, आणि चेंडू नसताना चेंडू फेकला. कोपर असं काही बाहेर काढलं की जणू कोणाला ढकलते आहे. शिडी बघत राहिली आणि मग हसायला लागली. सगळा वर्ग हसायला लागला.

"मी अशी करते?" शिडीने विचारलं.

"अशीच करतेस."

मग सगळ्याजणी दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकमेकींच्या नकला करायला लागल्या. अधिकारी बाई खुर्चीत पुढे सरकल्या. शिडीने चेंडू उचलला, कोपर आत घेतलं आणि फेकला. तो रिंगला न लागता आत गेला. मग तिच्यामागून बाकीच्यांचेही जायला लागले. सगळे नाही, पण बरेच.

अधिकारी बाईंनी मुलींना जवळ बोलावलं. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," शिडी म्हणाली.

"सरांनी?"

"नाही. सरांनी काहीच शिकवलं नाही."

योजनेच्या दृष्टीने याहून उत्तम उत्तर नव्हतं. मोठ्या बाईंनी डोळे उघडले. माझ्या मनाचं मात्र काहीतरी विचित्र झालं. इतकी वर्षं शिकवूनही कोणी "ह्या सरांनी शिकवलं" असं चारचौघांत म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता ज्यांच्यासाठी मी नाक फोडून घेतलं त्या मुली मी काही शिकवलं नाही म्हणून ठणकावून सांगत होत्या. मला वाईट वाटलं. त्या बरोबर बोलत होत्या म्हणून जास्तच वाटलं.

कार्यवाहांनी ती संधी साधली. "मग हे सर इथे रोज कशासाठी उभे असतात?" ते म्हणाले. "शाळेने यांचा वेळ का घालवायचा?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "सर नसले तर शिपाईकाका फाटक उघडत नाहीत," शिडी म्हणाली. ते खरंच होतं. कार्यवाह हसले. माप घेणाऱ्या माणसाने फीत थोडी पुढे ओढली.

"आणि आम्ही चुकलो की सर बोलत नाहीत," बटण म्हणाली.

"म्हणजे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"घरी बोलतात. वर्गात बोलतात. बाहेर मैदानावर तर ओळख नसलेली मुलंसुद्धा बोलतात. इथे आम्ही रोज चुकतो आणि कोणी काही बोलत नाही. सर नुसते उभे असतात. म्हणून इथे चुकता येतं."

मग अधिकारी बाई खुर्चीतून उठल्या आणि कार्यवाहांना म्हणाल्या, "गाड्यांची सोय तुम्ही दुसरीकडे बघा." माप घेणाऱ्या माणसाने फीत सोडली, ती खटकन आत गेली.

मी गप्प राहायचो तो काही थोरपणाने नव्हे. मला काही येतच नव्हतं म्हणून, हे तिथल्या तिथे सांगून टाकावं असं मला फार वाटलं. मी दोन पावलं पुढे गेलो, तोंडही उघडलं. पण मुली परत कोर्टावर गेल्या होत्या. बटणाने चेंडू फेकला, तो रिंगच्या खालून गेला, आणि ती वळून माझ्याकडे न बघता तो आणायला धावली. मी तोंड मिटून घेतलं.